शपथेवर काट

माणूस ओळखायचा तर त्याचे इन्शुरन्सचे कागद बघावेत, असं एडना ग्रॉफचं ठाम मत होतं. चर्चमध्ये सगळेच ताठ बसतात. पण कुणाची पाठ मुळातच ताठ आहे आणि कुणाच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत, ते फक्त एडनाला ठाऊक. नोल्टांच्या कपाटांच्या कारखान्याचं ऑफिस ती सव्वीस वर्षं सांभाळत होती. त्रेचाळीस कामगार, त्यांच्या बायका, पोरं, सगळ्यांचे गुडघे, दात आणि पित्ताचे खडे तिच्या हिरव्या फायलींत नीट लावलेले होते. बोलिंगसारख्या खेळांना नाकं मुरडणाऱ्या एल्विन झुकचं मनगट मोडलं तेव्हा कागदावर कारण म्हणून त्याने 'गुळगुळीत जमिनीवर घसरलो' असं लिहिलं. खोटं नव्हतंच ते. ती जमीन बोलिंगच्या हॉलमधली होती, एवढंच लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

एडना विधवा, चौसष्ट वर्षांची, आणि तोंड पक्कं बंद ठेवणारी. लहानथोर सगळे तिला नुसतं एडनाच म्हणत, पण तिच्या टेबलापुढे आले की टोपी हातात घेऊन उभे राहत.

कारखान्याचा मालक ईनोस नोल्ट. एडना आणि तो एकाच शाळेत, एकाच बाकाच्या मागेपुढे बसून शिकलेले. ईनोस नाकासमोर चालणारा माणूस. शपथ घ्यायची नाही आणि कोर्टाची पायरी चढायची नाही, या दोन गोष्टी मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. बाकीचे त्या जमतील तशा पाळत, ईनोस अक्षरशः पाळायचा. आपलं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. त्यावर शपथेचा मुलामा कशाला, म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो की काय, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे कुठल्याही सरकारी किंवा बँकेच्या कागदावर 'मी शपथेवर सांगतो' असं छापलेलं दिसलं की तो पट्टी घ्यायचा, 'शपथेवर' या शब्दावर सरळ रेघ मारायचा आणि वर सुताराच्या रेखीव अक्षरात 'खरेपणाने' असं लिहायचा. मगच सही. लँकेस्टरच्या बँकेला ही काट इतकी सवयीची झाली होती की एकदा ती नव्हती म्हणून त्यांनी सही खरी आहे ना असा फोन केला होता.

तर त्या नोव्हेंबरात इन्शुरन्सच्या नूतनीकरणाचा जाडजूड लिफाफा आला आणि ईनोसची झोप उडाली. नव्या कायद्याप्रमाणे बायकांची सगळी गर्भनिरोधकं इन्शुरन्समध्ये धरलेली होती. गोळ्यांबद्दल ईनोसचं काही म्हणणं नव्हतं. त्या घरोघरी होत्या आणि कुणी त्याला विचारायला आलं नव्हतं. पण तांबी आणि 'दुसऱ्या दिवशीची गोळी' या दोन गोष्टी पोटात राहिलेला जीव जगू देत नाहीत, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्याच्या मनात रुतून बसलं होतं. डॉक्टर लोक तसं म्हणत नाहीत, हेही त्याने वाचलं होतं. पण शंकेच्या बाजूने पैसे द्यायचे की शंकेपासून लांब राहायचं, यात ईनोस लांब राहणारा.

आदल्या वर्षी वॉशिंग्टनच्या मोठ्या कोर्टाने घरच्या मालकीच्या धंद्यांना या बाबतीत मोकळीक दिली होती. त्यामुळे आता वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एकेक सल्लागार उभा होता.

पहिला आला हॅरिसबर्गचा वकील, प्रेस्कॉट. बूट इतके चकचकीत की भुशात पाय ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर दुखवटा दिसला.

"फी एक सेंटसुद्धा नाही," तो म्हणाला. "आमची संस्था सगळा खर्च करते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो कशाला म्हणायचं?" ईनोसने विचारलं.

"सरकारवर खटला भरायला."

"गेल्या साली एका ट्रकवाल्यानं माझ्या गोदामाची भिंत पाडली. त्याच्यावरसुद्धा मी कोर्टात गेलो नाही."

"तो माणूस होता, मिस्टर नोल्ट. हे सरकार आहे."

"सरकारात माणसं नसतात?"

प्रेस्कॉटने एडनाकडे मदतीसाठी पाहिलं. एडनाने त्याच्यापुढे शूफ्लाय नावाच्या काकवीच्या गोडाचा तुकडा सरकवला. त्याने तो खाल्ला आणि गेला. त्याच्या बुटांचे ठसे मात्र संध्याकाळपर्यंत भुशात राहिले.

दुसरा सल्लागार आयव्हन ब्रुबेकर, चर्चमधला वडीलधारा, ज्याला दुसऱ्याच्या घरातली खिडकी कुठे असावी हेही ठाऊक असायचं. तो म्हणाला, "इन्शुरन्स बंदच कर की, ईनोस. आपल्या मंडळीचा मदतनिधी आहे. एकाचं दुखलं तर सगळ्यांनी वाटून घ्यायचं, जसं आपले आजे-पणजे करत होते. त्यात असल्या भानगडी नाहीत."

मदतनिधीत असल्या भानगडी नव्हत्या हे खरं. त्यात गोळ्या नव्हत्या, जुनी दुखणी नव्हती, आणि बाळंतपणसुद्धा तारीख मोजून धरलं जायचं. एडनाने ते सगळं पत्रक दोनदा वाचलं होतं. आयव्हनने एकदा वाचलं असावं.

तिसरी वाट म्हणजे एक पानभर फॉर्म. मालकाने लिहून द्यायचं की आमच्या श्रद्धेत हे बसत नाही, यासाठी आम्ही पैसे देणार नाही. मग इन्शुरन्स कंपनी तेवढा खर्च स्वतःच्या खिशातून करणार, बायकांना वेगळं पत्र पाठवून कळवणार, आणि मालकाच्या पैशाला त्याचा स्पर्शही होणार नाही.

याच सुमारास एका सकाळी जॅनेल एडनाच्या टेबलाशी आली. ईनोसचा एक मुलगा मर्ल, त्याची ही बायको. आठवड्यातून तीन सकाळी ती रंगकामाच्या खोलीत पॉलिश करायची. सहा वर्षांत चार मुलं. धाकटं आठ महिन्यांचं. तिच्या कोपराला वॉर्निश लागलेलं आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"एडना, तुम्हाला एक विचारू? कुणाला सांगणार नाही ना?"

"तुझ्या सासऱ्याच्या मूळव्याधीबद्दल तुला आजपर्यंत कुणी सांगितलं?"

"नाही."

"मग विचार."

जॅनेल हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "डॉक्टरीणबाई म्हणतात तांबी बसवून घे, पाच-सात वर्षं काळजी नाही. गोळ्या मी विसरते हो. चार जणांच्या मागे धावताना सकाळ झाली की रात्र, काय कळत नाही. मुलं नकोत असं नाही, देवाशप्पथ…" ती गप्पकन थांबली. शब्द चुकला होता.

"असू दे. पुढं बोल."

"मला दोन वर्षं नुसतं झोपायचंय, एडना. इन्शुरन्समध्ये बसेल का ती? पदरच्या पैशानं बसवली तर हजार डॉलर. तेवढे काढायचे तर मर्लला पप्पांकडे मागावे लागतील, आणि पप्पा विचारतील कशाला."

"आणि मर्लचं काय म्हणणं?"

"मर्ल म्हणतो, तू कर, माझी ना नाही. फक्त पप्पांना सांगायचं असेल तर मी आधी कॅनडात जाऊन येतो."

एडनाने इन्शुरन्सचं नवं वर्ष कधी लागतं ते सांगितलं आणि जानेवारीतल्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार घे म्हणाली. इन्शुरन्स चालू राहिलाच तर, हे तिने मोठ्याने म्हटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईनोस ऑफिसात आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "दे तो फॉर्म." दोन दिवस त्याने कुणाशी सल्लामसलत केली नव्हती, नुसती ओकची कपाटाची दारं एकट्याने घासून काढली होती. त्याने फॉर्म वाचला. तळाशी छापलं होतं: 'मी शपथेवर सांगतो की वरील हरकत प्रामाणिक आहे.' त्याने पट्टी मागितली. एडनाने ती आधीच काढून ठेवली होती. सरळ रेघ, वर 'खरेपणाने', खाली सही. एडनाने लिफाफा पोस्टात टाकला आणि आयव्हन ब्रुबेकरला आता बोलायला दुसरा विषय शोधावा लागेल, या विचाराने तिला दिवसभर बरं वाटलं.

जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. 'आपल्या फॉर्ममधील छापील मजकुरात फेरफार आढळल्याने तो अवैध ठरवण्यात येत आहे. वैध फॉर्म मिळेपर्यंत आपल्या योजनेत सर्व सेवा मालकाच्या हप्त्यातून चालू राहतील.'

एडनाने ते पत्र तीनदा वाचलं. लँकेस्टरच्या बँकेला कळणारी काट ॲरिझोनातल्या कंपनीच्या मशीनला कळली नव्हती. ईनोसने एका तत्त्वासाठी मारलेल्या रेघेमुळे दुसऱ्या तत्त्वाला भोक पडलं होतं. पहिल्या तारखेपासून तो नेमके त्याच गोष्टीचे पैसे देत होता, ज्यासाठी त्याने तो कागद लिहिला होता.

आणि गुरुवार तीन दिवसांवर होता.

ईनोस आपल्या ट्रेमधले कागद शनिवारी बघायचा. हा सव्वीस वर्षांचा शिरस्ता. एडनाने पत्र तारखेप्रमाणे ट्रेमध्ये ठेवलं. वर एका लाकूडवाल्याचं कॅलेंडर आलं ते ठेवलं, त्यावर बिजागऱ्यांचा कॅटलॉग. सगळं रीतसर. तिने काही लपवलं नव्हतं, काही खोटं सांगितलं नव्हतं. गुरुवारी जॅनेलचं काम होऊन गेलं असतं आणि शनिवारी ईनोसला पत्र मिळालं असतं. आत्ताच दाखवलं तर? 'बघ, देवानंच खूण केली' म्हणायला आयव्हन टपलेलाच होता. ईनोस इन्शुरन्स बंद करून मोकळा झाला असता.

मंगळवारभर ती त्या ट्रेकडे न बघता काम करत होती. न बघणं हेही एक काम असतं, आणि त्या दिवशी तिने तेच जास्त केलं. तिला सारखा एल्विनचा कागद आठवत होता. 'गुळगुळीत जमिनीवर घसरलो.' सव्वीस वर्षं ती त्यावर मनात हसत आली होती. आता ट्रेमधला तो ढीग तिला तिचीच गुळगुळीत जमीन वाटायला लागला. शिवाय जॅनेलला काय मिळणार होतं? सासऱ्याच्या पैशाने, सासऱ्याच्या मनाविरुद्ध, त्याला न कळता झालेली गोष्ट. पाच-सात वर्षं पोरीने ती ओटीत लपवून सासऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर बसायचं. झोपायचं होतं ना तिला? अशाने काय झोप लागणार.

बुधवारी सकाळी एडनाने आधी कंपनीला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर ब्रियाना नावाची मुलगी आली.

"मॅडम, शब्द खोडला की मशीन कागद परत फेकतं."

"आमच्यात शपथ घेत नाहीत, बाळ."

"म्हणजे तुम्ही खरं सांगत नाही?"

"फक्त खरंच सांगतो. म्हणूनच घेत नाही."

पलीकडे मग कीबोर्डची टकटक. "अय्या, थांबा हं. 'ब' फॉर्म म्हणून एक आहे. 'मी खरेपणाने सांगतो' असंच छापलंय त्यात. मी चार वर्षं इथे आहे, कुणी मागितलाच नाही. आज पाचच्या आत फॅक्स करा. मी स्वतः चढवते. उद्या सकाळी डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर दिसेल की त्या सेवा आमच्या खर्चाने आहेत, तुमच्या मालकाच्या नाही."

एडनाने 'ब' फॉर्म मागवला, छापला, ट्रेमधून पत्र काढलं आणि कारखान्यात गेली. दहाची सुट्टी झाली होती. ईनोस करवतीच्या टेबलाशी थर्मासमधली कॉफी पीत एकटाच बसला होता. तिने पत्र दिलं. तो चष्मा लावून वाचत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले.

"म्हणजे दहा-बारा दिवस मीच भरतोय?"

"भरतोयस. पण अजून कुणी काही घेतलेलं नाही."

"तुला कसं ठाऊक?"

"इन्शुरन्स कोण बघतं इथं?"

"पत्र कधी आलं?"

"सोमवारी."

ईनोसने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आणि आज बुधवार."

"हो," एडना म्हणाली. "दोन दिवस माझ्या हातून ते ट्रेमध्येच राहिलं. चुकून नाही."

त्याने का म्हणून विचारलं नाही. 'ब' फॉर्म हातात घेतला, उलटसुलट केला. सगळं नीट छापलेलं. खोडायला काही नव्हतं, याचीच त्याला थोडी चुकचुक वाटली असावी. "आयव्हन म्हणतो, सही करणं म्हणजे दुसऱ्याला पुढं करणं. मी सही करणार म्हणून कंपनी देणार. मग माझ्याच सहीनं झालं ना ते? तो म्हणतो, इन्शुरन्सच बंद कर, हात झटकून मोकळा हो."

एडना शेजारच्या फळ्यांच्या चळतीवर बसली. असं ती कधी बसत नसे. फळ्या विकायच्या असतात.

"सत्तर साली तुला फौजेचं बोलावणं आलं, आठवतं?"

"विसरेन कसा."

"तू कागद लिहून दिलास. माझ्या श्रद्धेत बंदूक बसत नाही, मी जाणार नाही. त्यांनी तुला दोन वर्षं वेड्यांच्या इस्पितळात लाद्या पुसायला पाठवलं. मग तुझ्या जागी गेलं कोण?"

ईनोसच्या हातातली कॉफी तशीच राहिली. कारखान्यात कुठेतरी रेडिओवर भजन चालू होतं.

"नाव ठाऊक नाही मला," तो म्हणाला. "पण कुणीतरी गेलाच असणार. आपल्याच जिल्ह्यातला. आकडा पुरा करायचा असतो त्यांना. मी रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करतो, एडना. पंचेचाळीस वर्षं. वर्नालाही सांगितलेलं नाही."

एडनाला हे ठाऊक नव्हतं. तिच्या हिरव्या फायलींत हे दुखणं कुठेच नव्हतं. तिने एक सोयीचं उदाहरण म्हणून उचललं होतं, आणि ते उचलल्यावर जड निघालं.

"मी तुला टोचायला नव्हतं म्हटलं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे." त्याने कॉफी खाली ठेवली. "तू म्हणतेस, त्याला मी पाठवलं का. नाही. पाठवलं सरकारनं. मी माझ्यापुरतं नाही म्हणालो. तो कागद दिला नसता तर मला बंदूक घ्यावी लागली असती, नाहीतर पळून जावं लागलं असतं. पळून जाणाऱ्यांत मला पडायचं नव्हतं." तो फॉर्मकडे बघत राहिला. "इन्शुरन्स बंद करणं म्हणजे पळणंच की. आणि एल्विनच्या पोराच्या दम्याचं काय? त्यानं काय पाप केलंय?"

"मदतनिधीत दमा नाही. जुनं दुखणं धरतात."

"आयव्हननं वाचलं नव्हतं ना ते?"

"आयव्हन आहे तो."

ईनोसच्या मिशीविरहित दाढीत कुठेतरी हसू हललं. त्याने खिशातून पेन काढलं, करवतीच्या टेबलावर कागद ठेवला, भुसा फुंकून टाकला आणि सही केली. मग पेनचं टोपण लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाचच्या आतच का पाहिजे? उद्या आहे का कुणाचं काही?"

एडना उभी राहिली. "ईनोस, नाव विचारलंस तर मला हो किंवा नाही म्हणावं लागेल."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. रंगकामाच्या खोलीच्या पायरीवर जॅनेल सोबतच्या कामगार बाईशी बोलत कॉफी पीत होती.

"मग नाही विचारत," तो म्हणाला.

फॅक्स सव्वाअकराला गेला. ब्रियानाने परत फोन करून 'चढवला' म्हणून सांगितलं आणि, मॅडम, तुमच्याकडे नोकरीला जागा आहे का, असंही विचारलं.

रात्रीतून बर्फ पडलं. गुरुवारी सकाळी एडना ऑफिस उघडत होती तेव्हा ईनोस आवारातलं बर्फ ओढत होता, आणि जॅनेल आपली जुनी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होती. मुलांना आजीकडे सोडून ती परस्पर इथूनच शहरात निघाली होती.

"टायर गुळगुळीत झालेत तुझ्या गाडीचे," ईनोस म्हणाला आणि ट्रकची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "हा ट्रक ने. याला बर्फाचे टायर आहेत."

"पप्पा, मला शहरात जायचंय, जरा वेळ लागेल…"

"मी विचारलं कुठं? सावकाश चालव. पुलावर ब्रेक मारू नकोस."

आता हा माणूस एका शब्दासाठी पट्टी घेऊन बसतो आणि मग स्वतःचा ट्रक देतो, हे कुठल्या रकान्यात मांडायचं, असा एडनाला प्रश्न पडला. बर्फात गाडी अडकलेल्या कुणालाही त्याने किल्ली दिली असती, हे एक. आणि त्याला सगळं कळलं होतं, हे दुसरं. दोन्ही खरी असू शकतात. फॉर्मवर जागा नसते, एवढंच.

दुपारी जॅनेलने ट्रक परत आणला. टाकी भरलेली होती. किल्ली एडनाच्या टेबलावर ठेवत ती पोटावर हात धरून म्हणाली, "झालं. दुखतंय जरा. पण एक पैसा लागला नाही. त्या बाई म्हणाल्या, तुमच्या मालकाचा याच्याशी संबंध नाही असं इथं लिहिलंय." ती जरा घुटमळली. "पप्पांना ठाऊक आहे?"

"त्यांनी विचारलं नाही."

"म्हणजे आहे," जॅनेल म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी आहे का म्हणून विचारू लागली.

पुढच्या रविवारी चर्चनंतर एडना नोल्टांकडे जेवायला होती. विधवांना कुणीतरी बोलवायचंच असतं, आणि वर्ना नोल्टचा हॅम चांगला. टेबलाला चौदा माणसं. कुस्करलेले बटाटे, गोड-आंबट मक्याचं लोणचं, सफरचंदाचा घट्ट मुरंबा. जॅनेलच्या मांडीवर धाकटं झोपलेलं, आणि तीही जवळजवळ झोपलेलीच.

वर्ना बासष्ट वर्षांची, नऊ मुलांची आई. तिने ॲप्रनच्या खिशातून एक लिफाफा काढला. "हे बघा, मला काल काय आलंय. ऐका हं. 'प्रिय सभासद वर्ना नोल्ट. आपल्या मालकाने श्रद्धेच्या कारणावरून हरकत घेतली आहे. तथापि आपणांस गर्भनिरोधनाच्या सर्व सेवा आमच्यातर्फे विनामूल्य उपलब्ध आहेत. कृपया त्वरा करावी.'"

मर्ल पाण्याचा घोट घेत होता, तो त्याच्या नाकात गेला.

"योजनेतल्या सगळ्याच बायकांना गेलंय ते," एडना म्हणाली. "मलाही आलंय."

"आता येतंय होय हे!" वर्ना म्हणाली. "चाळीस वर्षांपूर्वी आलं असतं तर हे टेबल निम्मं तरी लहान करता आलं असतं. मर्ल, तू सातवा. तू तर नसतासच." मग तिने पत्र नवऱ्यापुढे धरलं. "ईनोस, यात मालक म्हणजे तूच ना? तुझी सही आहे का यावर?"

ईनोसचे कान बीटासारखे झाले होते. "आहे."

"शपथेवर?"

"शपथेवर कशी असेल?" ईनोस म्हणाला. "खरेपणाने."

पहिली हसली ती वर्ना. मग एडना, मग सगळं टेबल. जॅनेल इतकी हसली की धाकटं जागं झालं आणि रडायला लागलं. ईनोसने हात पुढे करून त्याला आपल्याकडे घेतलं, खांद्यावर टाकलं आणि सुनेला म्हणाला, "तू जेव. मग जा वर आणि झोप जरा. याला मी बघतो."